तट पडला, वेस उरली

मराठी बोलण्यात तट क्वचित येतो, वेस मात्र पावलोपावली येते. घराण्याची अब्रू वेशीला टांगली जाते, लक्तरे वेशीवर येतात, पाहुण्याला निरोप द्यायला माणसे वेशीपर्यंत जातात. वऱ्हाड गावात शिरण्याआधी सीमांतपूजन होते, म्हणजे नवरदेवाचा पहिला मान वेशीतला. पोळ्याला आंब्याच्या पानांचे तोरण वेशीत बांधतात आणि मानाची बैलजोडी त्याखालून गेल्याशिवाय गावाचे बैल पुढे सरत नाहीत. मारुतीही बहुधा वेशीतच बसलेला असतो. ज्या गावाला दगडी कमान कधीच नव्हती, त्यालाही वेस असते. एखादे लिंबाचे झाड, एखादा पार, ओढ्यावरची फरशी, एवढ्यावरही गाव तिला वेस म्हणते आणि तिचे सगळे मानपान करते. भाषेची ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. वेस ही तटबंदीतली एक फट, असे आपण इतिहासाच्या पुस्तकांतून शिकतो. लोकांनी मात्र ती तशी कधी पाहिलीच नाही. त्यांच्या लेखी वेस रस्त्याची असते. तट राहो वा जावो, रस्ता आहे तोवर वेस आहे. मध्ययुगातले जे दरवाजे आपल्या शहरांत अजून उभे आहेत त्यांचा इतिहास हेच सांगतो, आणि ते कसे जपायचे याचे उत्तरही याच जाणिवेत आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

हे पडताळायला कडा या गावापासून सुरुवात करणे सोयीचे आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले हे बाजारपेठेचे गाव नगर-जामखेड रस्त्यावर आहे. जिल्ह्याचे ठाणे बीड असले तरी नगर त्याहून जवळ. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, नगरचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि आष्टी तालुका हैदराबादच्या निजामाच्या राज्यात राहिला. पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे या मुलखातून दोन राज्यांची हद्द गेली. निजामाच्या राज्यात सरहद्दीवरच्या जकातीच्या कारभाराला करोडगिरी म्हणत. हद्द ओलांडणाऱ्या मालाची झडती आणि वसुली करोडगिरी नाक्यावर होई, आणि हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या कार्यकर्त्यांनी ज्यांच्यावर हल्ले केले त्यांत हे नाके ठळक होते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली, यथावकाश ते नाकेही गेले. नगरहून आष्टीपर्यंतची रेल्वे २३ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाली, कडा हे तिच्यावरचे स्थानक झाले, आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिदिनाच्याच दिवशी, ती गाडी बीडला पोचली. या दोनशे वर्षांत हद्दीवर दगडाचा एक थरही कोणी रचला नव्हता. पण जिथे माणूस थांबवला जातो, विचारला जातो आणि मग पुढे सोडला जातो, अशी जागा प्रत्येक काळाने आपापल्या रीतीने तयार केली. वेशीचे मूळ काम तेच.

दगडात उभ्या असलेल्या वेशी पाहायच्या तर कड्याच्या माणसाला दोन बाजूंना जावे लागते. पश्चिमेला नगरमध्ये माळीवाडा वेस आणि दिल्ली दरवाजा उभे आहेत. झेंडीगेट आणि मंगलगेट ही नावे आज वस्त्यांची झाली आहेत. पूर्वेला बीड शहरात राजुरी वेस आणि माळीवेस ही नावे रोजच्या बोलण्यात आहेत. या नावांकडेच नीट पाहावे. बीडची राजुरी वेस राजुरी गावाकडे पाहते. नगरचा दिल्ली दरवाजा दिल्लीकडे, छत्रपती संभाजीनगरचाही तसाच, आणि पुण्याच्या शनिवारवाड्याचा उत्तरेकडचा महादरवाजाही दिल्लीचेच नाव सांगतो. खुद्द दिल्लीत मात्र काश्मिरी आणि अजमेरी दरवाजे आहेत. शहरांनी आपल्या दरवाजाला सहसा स्वतःचे नाव दिलेले नाही. त्यातून बाहेर पडलेला रस्ता जिथे पोचतो त्या गावाचे नाव दिले. दुसरी रीत वेशीजवळ राहणाऱ्यांवरून नाव पाडण्याची. माळीवाडा, माळीवेस आणि पुण्यातली कुंभारवेस ही त्या रीतीची उदाहरणे. म्हणजे वेशीचे नाव एक तर ती कुठे नेते ते सांगते, नाहीतर तिच्यातून रोज कोण जाते ते सांगते. ती कशाचे रक्षण करते हे सांगणारे नाव क्वचितच सापडते. नाव लोक ठेवतात, आणि लोक एखाद्या गोष्टीला तिच्या उपयोगावरून ओळखतात.

नावांवर कोणी म्हणेल की हा शब्दांचा पुरावा झाला, दगडाचा कुठे आहे? दगडाचा पुरावा संभाजीनगरच्या भडकल दरवाजाने दिलेला आहे, आणि त्याची कथा कड्याच्या शेजारूनच सुरू होते. १६०० मध्ये मोगलांनी निजामशाहीच्या राजधानीचा, नगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असे दिल्लीने मानले, पण मलिक अंबरने ती पुन्हा उभी केली. हा मूळचा अबिसिनियाचा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादच्या वाटेने दख्खनेत आलेला आणि निजामशाहीच्या हबशी पेशव्याच्या, चंगीजखानाच्या पदरी वाढलेला माणूस. राजधानी गेलेल्या राज्याला त्याने नवे शहर दिले. वेरूळ आणि दौलताबादच्या जवळ खडकी नावाच्या खेड्यात १६१० मध्ये त्याने वसाहत घातली, आणि मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये भडकल दरवाजा बांधला. पुढे १६२४ मध्ये नगर आणि कडा यांच्या मधल्या मुलखात भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. भातवडीच्या तळ्याचे पाणी सोडून शत्रूची छावणी चिखलात रुतवण्याची युक्ती सर्वश्रुत आहे. पाणी आणि वाट यांची इतकी नेमकी जाण असलेल्या माणसाने बांधलेला दरवाजा आहे हा.

आता कालक्रम पाहावा. खडकीचे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) झाले ते औरंगजेब १६५३ मध्ये दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आल्यानंतर, आणि आज ज्याला आपण शहराचा तट म्हणतो तो त्याने मराठ्यांच्या धाडींपासून बचावासाठी १६८२ च्या सुमारास बांधला. म्हणजे भडकल दरवाजा त्या तटाहून सत्तर वर्षांनी जुना आहे. मधल्या काळात खडकीवर काय काय गुदरले! १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत मलिक अंबर हरला आणि मोगलांनी खडकी लुटली, जाळली. १६२१ मध्ये पुन्हा तेच झाले. १६२६ मध्ये तो वारला, त्याच्या मुलाने शहराला फतेहनगर असे नाव दिले, १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि सगळा मुलूख मोगलांचा झाला. ज्यांच्या पराभवाची खूण म्हणून कमान उभारली होती, तेच शहराचे मालक झाले. तरी त्यांनी ती पाडली नाही. दरवाजा वाटेवर होता, वाट चालू होती, आणि चालत्या वाटेवरचा दरवाजा नव्या मालकालाही हवाच असतो. सत्तर वर्षांनी तट आला तेव्हा शहर दरवाजाभोवती आधीच वाढलेले होते. आज तटाचा बहुतेक भाग गेला आहे आणि भडकल उभा आहे. जो तटाच्या आधी होता आणि तटानंतरही आहे, त्याला तटाचा अवयव कसे म्हणावे?

दरवाजाच्या बांधणीतही हेच दिसते. तटाचे काम उभे राहण्याचे. दरवाजाचे काम रोज दोनदा हलण्याचे. म्हणून कारागिरीची सगळी हुशारी दरवाजात खर्ची पडलेली आढळते. लाकडी फळ्यांची जाड दारे दगडातल्या उखळांवर फिरत. हत्तीने मस्तक लावू नये म्हणून त्यांवर लोखंडी खिळे ठोकलेले असत. आत अडसर, आणि मोठ्या दारातच एका माणसाला वाकून जाता येईल एवढी दिंडी. रात्री मोठी दारे मिटली की दिंडी हाच शहराचा तोंडमार्ग. दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या, मोठ्या दरवाजांवर नगारखाना. दिवस केव्हा उगवला आणि केव्हा मावळला हे शहराला नगाऱ्यावरून कळे. आलेल्या मालाची नोंद इथेच, जकात इथेच, परक्याची विचारपूस इथेच. दारे कधीच निघून गेली, पण जकात गेली नाही. महाराष्ट्रातल्या शहरांच्या तोंडावर जकात नाके विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सर्रास होते. महापालिकांची जकात तर त्यानंतरही टिकली, मुंबईत २०१७ पर्यंत. ट्रकच्या रांगा, चहाच्या टपऱ्या, पावती फाडणारा कारकून असा सगळा देवड्यांचाच संसार तिथे पत्र्याच्या खोलीत चालू होता. चारशे वर्षे टिकते ते काम. दगड त्याच्या आधाराने टिकतो.

संभाजीनगरच्या पश्चिम अंगाला हे आणखी स्पष्ट होते. तिथे खाम नदी शहराला लागून वाहते, आणि मकाई, बारापुल्ला व महमूद हे तीन दरवाजे नदीवरच्या दगडी पुलांना जोडूनच बांधले आहेत. पूल आणि दरवाजा ही तिथे एकच वास्तू आहे. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. महमूद दरवाजाच्या अंगाशी पाणचक्की आहे आणि तिला पाणी आणणारी नहर दूर डोंगरातून जमिनीखालून येते. या नहरींची परंपरा मलिक अंबरनेच सुरू केली. नहर-ए-अंबरी ही त्याची योजना: उत्तरेकडच्या डोंगरातले झिरपते पाणी जमिनीखालच्या वाटेने, निव्वळ उताराच्या बळावर शहरात आणायचे. बीडला निजामशाही काळातलीच खजाना विहीर आहे. तिचे पाणीही उताराच्या कालव्याने शेताकडे जाते. या मंडळींना शहर म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गोष्टींचा मेळ वाटत असे: वाट, पाणी, माल, माणसे. दरवाजा हा त्या मेळाचा एक सांधा. नदी, पूल आणि नहर यांच्यापासून तोडून एकट्या कमानीला रंगरंगोटी करणे म्हणजे घड्याळाचा एक काटा काढून काचेच्या पेटीत ठेवण्यासारखे आहे.

संभाजीनगरला बावन दरवाजांचे शहर म्हणतात. बावन हा आकडा मोजून आलेला आहे असे मला वाटत नाही. सोने बावनकशी असते, वीर बावन असतात, महारांच्या वतनाचे हक्कही परंपरेने बावनच सांगितले जातात. बावन म्हणजे मराठीत भरपूर आणि पूर्ण. चार दिशांचे चार मोठे दरवाजे, त्यांच्या मधले दुय्यम दरवाजे, मोहल्ल्यांच्या खिडक्या असे सगळे मिळून शहराला आपण सर्व बाजूंनी खुले असल्याचे जे समाधान वाटत होते, त्याचे नाव बावन. आज डझनभराच्या आसपास दरवाजे उरले आहेत आणि स्मार्ट सिटी योजनेतून अलीकडे त्यांतल्या काहींची डागडुजीही झाली आहे. पण हा आकडाही आपल्याच मुद्द्याला पुष्टी देतो. तटाची लांबी या शहरात कोणी अभिमानाने सांगत नाही; आत येण्याच्या वाटा किती, ते सांगतात.

या मांडणीवर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला वाहतुकीचा. रस्त्याची वेस असेल तर रस्त्याची गरज बदलल्यावर तिने बाजूला व्हायला नको का? बैलगाडीच्या मापाच्या कमानीतून आजची वाहने कशी जाणार? हा प्रश्न जगभर विचारला गेला. मुंबईच्या कोटाच्या भिंती आणि दरवाजे १८६० च्या दशकात, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना पाडले गेले. व्हिएन्नाने १८५७ मध्ये तट पाडून तिथे गोल रस्ता काढायचे ठरवले. जर्मनीतल्या ल्युबेक शहराचा होल्स्टन दरवाजा १४७८ मध्ये पुरा झालेला, दलदलीत खचून कललेला. १८६३ मध्ये तो ठेवायचा की पाडायचा यावर नगरसभेत मतदान झाले आणि एका मताने तो वाचला. आज त्या शहराची ओळखच तो दरवाजा आहे. लंडनचा टेंपल बार १८७८ मध्ये दगड दगड मोजून उतरवला, शहराबाहेरच्या बागेत नेऊन लावला आणि २००४ मध्ये परत आणला, पण मूळ रस्त्यावर नव्हे, सेंट पॉलच्या देवळाजवळच्या एका चौकात. तिथे तो सुबक दिसतो, पण कुठून कुठे जायचे आहे हे त्याला उरलेले नाही. दरवाजा हलवणे हा म्हणून तोडगा होत नाही. तोडगा साधा आहे. अवजड वाहने वळवावीत, नवा रस्ता किंवा पूल शेजारून काढावा, आणि कमानीखालून पायी माणसे, सायकली, फार तर हलकी वाहने जाऊ द्यावीत. वेस रस्त्याची आहे याचा अर्थ ती प्रत्येक वाहनाची आहे असा नाही. रस्ता मुळात चालणाऱ्याचा होता, आणि चालणाऱ्यासाठी वेस आजही पुरेशी रुंद आहे.

दुसरा आक्षेप म्हणतो की नाव राहिले म्हणजे पुष्कळ झाले. मुंबईला चर्चगेट आहे, पण गेट नाही. सोलापूरला विजापूर वेस आणि बाळीवेस या नावांवर रोजचे व्यवहार चालतात. खरे आहे, नाव चिवट असते. पण नाव आठवण ठेवते, माप ठेवत नाही. कमान किती उंच होती, म्हणजे अंबारीसह हत्ती आत येई की नाही. देवडीत किती माणसे मावत. चुन्यात विटांचा चुरा किती होता. उंबऱ्याच्या दगडावर चाकोऱ्या किती खोल पडल्या आहेत, म्हणजे इथून किती गाड्या गेल्या. हे सगळे नाव सांगू शकत नाही. चर्चगेटला उतरणाऱ्या लाखो माणसांना तिथे कधी कोट होता हे सांगावे लागते. भडकलपुढे उभ्या राहणाऱ्याला दगडच प्रश्न विचारायला लावतो. नाव हे उत्तर आहे, वास्तू हा प्रश्न आहे, आणि पुढच्या पिढ्यांना प्रश्न ठेवून जाणे अधिक मोलाचे.

तिसरा आक्षेप सर्वांत जवळचा आणि सर्वांत बोचरा. आष्टी, पाटोदा, शिरूर हा पट्टा दुष्काळाचा. दिवाळीच्या आगेमागे इथली हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुले सोबत, आणि परत येणे उन्हाळ्याच्या तोंडाला. ज्या जिल्ह्याला प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, त्याने जुन्या कमानींवर पैसा का घालावा? मला या प्रश्नाचा आदर आहे, आणि पाण्याचा पैसा दगडाला द्यावा असे मी म्हणणार नाही. पण वेस जपायला लागतो तो पैसा फार नसतो. लागते ती शिस्त. सांध्यांत उगवलेली वड-पिंपळाची रोपे दर पावसाळ्यानंतर मुळासकट काढणे, छतावरचे पाणी वाहून जाईल अशी वाट मोकळी ठेवणे, पोस्टर आणि फ्लेक्स न लावणे, आणि दुरुस्तीला सिमेंटऐवजी चुना वापरणे. जुनी भिंत चुन्यातून श्वास घेते. तिच्यातली ओल चुन्यावाटे सुकते. सिमेंटचा गिलावा ती ओल आत कोंडतो आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. चुना भिजवणारा, घोटणारा, त्यात सुरखी मिसळणारा गवंडी आता दुर्मीळ आहे, आणि त्या हाताला काम देणे हाही रोजगारच. दुसरे म्हणजे, त्या काळच्या वेशी जपताना त्या काळचे पाणी पाहावेच लागते. नहरी आणि खजाना विहीर यांचा उताराचा हिशोब दुष्काळी मुलखाला निरुपयोगी नाही. ज्यांनी दरवाजे बांधले त्यांनीच तळी आणि विहिरीही बांधल्या. एक वाचायचे आणि दुसरे पुसायचे, असे करता येत नाही.

चौथा आक्षेप मनात असतो, पण मोकळेपणाने बोलला जात नाही: हे दरवाजे परक्या राजवटींचे, ते आपण का मिरवायचे? भडकलच्या बाबतीत तरी या आक्षेपाला जागा सापडत नाही. ज्याने तो बांधला तो गुलामांच्या बाजारातून आलेला माणूस होता. त्याच्या बाजूने भोसले लढले. त्याने तो दिल्लीच्या बादशहाला हरवल्याची खूण म्हणून बांधला. दगड फोडणारे, चुना मळणारे, कमान रचणारे हात इथलेच होते. आणि दरवाजावर मालकी कुणाची हे ठरवायचे असेल तर बांधणाऱ्याची मोजायची की त्यातून गेलेल्यांची? बांधणारा एकदा बांधतो. त्यानंतर चारशे वर्षे पैठणचे विणकर, जालन्याचे व्यापारी, मोगल शिपाई, निजामाचे अंमलदार, मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते, कापसाच्या गाड्या आणि शाळेची मुले या शहराच्या दरवाजांतून गेली आहेत. वेस रस्त्याची, हे एकदा मान्य केले की ती सगळ्या वाटसरूंची होते.

पण इथेच सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वेस सगळ्या वाटसरूंची कधी होती का? आपल्याच भाषेत वेशीबाहेर हा शब्द आहे. गावकुसाबाहेरची वस्ती, महारवाडा, मांगवाडा वेशीपलीकडे असे. आणि या व्यवस्थेतली विसंगती अशी की वेस राखण्याचे काम त्याच वस्तीकडे होते. वेसकर, बोलीत येसकर, हा महार वतनदार. रात्री वेस लावायची, पहाटे उघडायची, आलागेला पाहायचा, गावाच्या हद्दीचे वाद पडले तर खुणा दाखवायच्या, कर घेऊन जाणाऱ्यांसोबत जायचे. गावाची किल्ली त्याच्या हाती आणि गावात घर मात्र नाही. या कामाच्या बदल्यात मिळे ते वतन आणि भाकरी. त्या वतनाने पिढ्यान् पिढ्या कशा बांधून ठेवल्या हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. आणि १९३४ मध्ये त्यांनी स्वतः एक वेस अनुभवली. सहकाऱ्यांसह ते दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. प्रवासाची धूळ अंगावर होती, म्हणून दरवाजाजवळच्या हौदाच्या पाण्याने सगळ्यांनी हातपाय धुतले. पाणी बाटवले म्हणून गिल्ला झाला, जमाव धावून आला. अखेर आत सोडले ते एका अटीवर, की किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही; त्यावर लक्ष ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई. यादवांपासून मोगलांपर्यंत सगळ्यांच्या हातून गेलेला तो दरवाजा. मालक बदलले, पण दाराशी अडवायचे कुणाला हे बदलले नव्हते. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

मग बहिष्काराची अशी साक्ष जपायची कशाला, असे विचारता येईल. माझे उत्तर आहे की साक्ष आहे म्हणूनच. साक्षीदार नाहीसा झाला तर गुन्हा पुसला जात नाही, तो फक्त सिद्ध होईनासा होतो. आणि त्याहून मोठे उत्तर ज्याच्यावर बहिष्कार होता त्याच समाजाने स्वतः दिले आहे. संभाजीनगरात बाबासाहेबांचा पुतळा उभा आहे तो भडकल दरवाजापाशी. १४ एप्रिलला हजारो माणसे तिथे जमतात. शहरातल्या मिरवणुका आणि मोर्चे तिथून निघतात. गुलामगिरीतून वर आलेल्या मलिक अंबरचा दरवाजा आणि वेसकरांच्या लेकरांना वेशीच्या आत आणणाऱ्या माणसाचा पुतळा एकमेकांच्या सावलीत आले आहेत. याच शहरात १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मिलिंद महाविद्यालय सुरू केले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झाले, १९७८ मध्ये त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, त्यावरून घरे जळली, माणसे मारली गेली, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. दरवर्षी त्या दिवशी मराठवाड्यातल्या गावोगावचे लोक येतात ते कुठे? विद्यापीठाच्या गेटवर. ते त्या कमानीपुढे वाकतात, मुलांना उचलून ती दाखवतात. आधुनिक काळात बांधलेला एक दरवाजा या लोकांनी आपल्या इतिहासाची वेस केली आहे. तटाशी त्याचा काही संबंध नाही. ज्यातून पूर्वजांना जाता आले नाही आणि मुलांना जाता येते, अशी ती जागा आहे.

एवढा पुरावा मांडल्यावर काय करायला हवे हे वेगळे शोधावे लागत नाही. वारशाचे कायदे आहेत: केंद्राचा १९५८ चा, त्यात २०१० मध्ये आलेली संरक्षित वास्तूभोवतीची १०० मीटर बांधकामबंदी, राज्याचा १९६० चा. पण लहान शहरांतल्या पुष्कळ वेशी कोणत्याच यादीत नसतात आणि यादीत आलेल्यांभोवती कुंपण घातले जाते. कुंपणातली वेस ही तटातल्या वेशीपेक्षाही बंदिस्त. बीड, नगर, संभाजीनगर इथल्या वेशी वाटेसह जपाव्यात: पायी माणसाला त्यातून जाता यावे, पूल असेल तर पूल आणि नदी दोन्ही स्वच्छ राहावीत, नहर असेल तिथे ती वाहती व्हावी, आणि दरवाजापाशी लावलेल्या माहितीच्या पाटीवर वेस बांधणाऱ्या राजाबरोबरच ती रोज उघडणाऱ्या वेसकराचेही नाव, निदान त्याचे पद, लिहिलेले असावे.

आणि हे फक्त मोठ्या शहरांनी करायचे आहे असे नाही. कड्यासारख्या गावातून या दिवाळीच्या आसपास कोयते घेऊन माणसे बाहेर पडतील. ज्या जागी त्यांना निरोप दिला जाईल आणि उन्हाळ्याच्या तोंडाला ज्या जागी ती उतरतील, तो रस्त्याचा फाटा असो की स्टेशनचा फलाट, तीच त्या गावची वेस. तिथे सावली आहे का, प्यायला पाणी आहे का, रात्री दिवा आहे का, आलेल्या माणसाला जात न विचारता बसायला जागा आहे का, एवढे पाहणे हे वेस जपण्याचेच काम आहे. भडकल दरवाजा चारशे वर्षे उभा राहिला तो त्याखालून माणसे जात राहिली म्हणून. कड्याच्या वेशीलाही टिकायला तेवढेच लागेल.